गठ्ठ्यातून काढलेलं कार्ड

प्रिय ठकू,

अक्षर फार बारीक आलंय म्हणून कुरकुर करू नकोस, चष्मा लाव. फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस, अगदी आईवर गेलीस, म्हणून कागद काढला. डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेत नापास झालीस तेव्हापासून तुझं एकच पालुपद: डोकं गंजलंय, आता विम्याच्या ऑफिसातच राहीन, पुन्हा फॉर्म भरणार नाही. मुदत शुक्रवारपर्यंत आहे ना? आज सोमवार. बुधवारी हे पत्र तुझ्या हातात पडेल.

तुझ्या खोलीत आता माझे शिवायचे कपडे ठेवलेत, पण तुझ्या अभ्यासाच्या कार्डांना हात लावलेला नाही. शर्टांच्या घड्यांमधले पुठ्ठे जमवून मी माझ्या कात्रीने ती कापली होती. एका बाजूला तुझा प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. मी मशीनवर बसून विचारायचो. बरोबर आलं की कार्ड बटणांच्या डब्यात, चुकलं की टाचणी टोचून पुन्हा गठ्ठ्यात. मी नावांची पार वाट लावायचो आणि तू हसून लोळायचीस. पण मनगट लुळं पडलं की कोणती नस, कोणतं जीवनसत्त्व कमी पडलं की बेरीबेरी, हे मला आजही झोपेतून उठवून विचार. परवा पँटची उंची घेताना एका गिऱ्हाइकाला घोट्याच्या हाडाचं नाव सांगितलं. तो बिचारा दुसऱ्या शिंप्याकडे गेला.

निकालाच्या दिवशी तू मेंदूवरच्या त्या एका प्रश्नासाठी रडलीस. ते कार्ड तू स्वतः लिहिलं होतंस, आणि तरी परीक्षेत दोन पर्यायांत अडकून चुकीचा निवडलास. तीन गुण कमी पडले. त्या एका प्रश्नाने सगळं फिरलं असतं असं नाही, पण आपल्या डोक्यात काही टिकत नाही हे तू तेव्हापासून धरून बसलीस. मी समोर बसून चहा ढवळत राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मला स्वतःची लाज वाटते.

ठकू, तू ते विसरली नाहीस. परीक्षेआधीचे शेवटचे पाच आठवडे ते कार्ड तुझ्यासमोर आलंच नाही. तुला विचारण्याआधी मी ते मनात वाचलं: हात रिकामा असताना थरथरतो, कामाला लागला की थांबतो, अक्षर बारीक होत जातं, वास येईनासा होतो, मेंदूतला कोणता भाग? माझा डावा हात मांडीवर थरथरत होता. आदल्याच दिवशी दूध करपलं, तरी मला पत्ता नव्हता म्हणून आई ओरडली होती. मोठ्याने वाचलं असतं तर तू मान वर करून बघितलं असतंस, मग कुठली परीक्षा नि काय. म्हणून ते मशीनच्या खणात सरकवलं. एका कार्डाने काय आभाळ कोसळणार, असं वाटलं. तुझ्यावर कोसळलं. डॉक्टरांनी तेच निदान केलंय, कंपवात, गोळ्या चालू आहेत. आईला काल सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही. चूक माझी आणि शिक्षा तू भोगतेस, हे मला त्या थरथरीपेक्षा जड जातंय. कार्ड सोबत ठेवलंय, टाचणी टोचून. आधी फॉर्म भर. मग माझा हात बघायला ये.

तुझाच,
बाबा