पेढाही त्याचा, बर्फीही त्याचीच

आई, काल मी डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून आले. अडतिसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण, त्यात धाकटा भाऊ डाउन सिंड्रोमचा, म्हणून आधी रक्त तपासायचं, शंका आली तर पोटात सुई घालून पाणी काढायचं, आणि मग 'ठरवायचं'. काय ठरवायचं ते कुणी बोलत नाही. नवरा म्हणतो, "करून टाकू ना यार, कळलेलं बरं." मावशीने तर पुण्याहून फोन केला, "कर गं बाई. त्या काळी हे असतं ना, तर ताईनेसुद्धा केलं असतं." मी "खोटं आहे!" म्हणून ओरडले आणि फोन आपटला.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरमधलं ते डोहाळजेवण आठवतं? शेजारच्या वहिनींचं माहेर लांब, म्हणून तूच केलेलं. तू दोन वाट्या पालथ्या घालून ठेवल्या आहेस, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. वहिनी उचलतील तसा मुलगा किंवा मुलगी. बायका पुढच्या खोलीत ओटी भरतायत आणि हा आपला धाकटा पठ्ठ्या स्वयंपाकघरात दोन्ही वाट्या उघडून दोन्ही फस्त करून बसलाय, ओठांना बर्फीचा वर्ख. "अगं बाई, अपशकुन!" कुणीतरी म्हणालंच. तू आधी मला झापलंस, "डोळे कुठे होते तुझे?" मग बायकांकडे वळलीस. "झालं ते झालं. पेढाही त्याचा, बर्फीही त्याचीच. आता येईल त्याला घ्या." सगळ्यांत आधी वहिनीच हसल्या.

तू गेल्यापासून तो माझ्याकडेच असतो, इथे गुडगावात, नवव्या मजल्यावर. पस्तिशीचा झालाय. बाल्कनीतून मोहरीची शेतं दिसायची, तिथे आता काचेची ऑफिसं उठतायत. क्रेन हलली की हा टाळ्या वाजवतो. काल दवाखान्यात माझी पर्स मांडीवर घेऊन शेजारीच बसला होता. भिंतीवर पाटी, इथे मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही. आणि बाई त्याच्या डोक्यावरून मला म्हणतात, "देखिए, घर में ऐसा बच्चा दोबारा क्यों?" त्याने मान वर केली. "ऐसा म्हणजे मी?"

"हो, तू," मी म्हणाले. काय खोटं बोलू? पर्स घेतली आणि उठले. "टेस्ट नहीं करवानी. बिल्कुल नहीं." बाई 'सोच लीजिए' म्हणत राहिल्या. लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "रागावलीस?" म्हटलं, "तुझ्यावर नाही रे."

तुला देवी मानून हे करत नाहीये हं. तू नळ सोडून न्हाणीघरात रडायचीस, ते मी ऐकलंय. त्याला तुझा भोग म्हणणारे ऐकले, तुझा त्याग म्हणणारेही ऐकले. दोघंही गेले चुलीत! कुणा बाईला तपासून घ्यायचं असेल तर तिने खुशाल घ्यावं, मी नावं ठेवणार नाही. पण त्याच्यासारखं येऊ नये म्हणून मी त्याच्यादेखत सुई टोचून घेणार नाही. भीती वाटते, का नाही वाटणार? उद्या दोघांना कोण बघेल, हे मनात येतंच. तरीही नाही. येईल त्याला घेईन.

पण तुझा पत्ता असता तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं. मावशीवर ओरडले खरी, तुला विचारायची मात्र हिंमत नाही. तू 'हो, केलं असतं' म्हणालीस, तर मी त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?