बाबांच्या वासाचा साबण

चिमीच्या बाबांना,

तुमच्या कारखान्यातल्या साबणांचं खोकं पोचलं. इकडे चिमीचा इसब पुन्हा चिघळलाय. कोपराच्या खाचा खाजवून खाजवून रक्त काढते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "वासाचा साबण बंद. कोमट पाण्याने अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच मलम." मी सगळं नेमाने करते हो, पण ही पोर चोरून तुमचाच साबण लावते. म्हणते, "बाबांचा वास येतो."

काल तुमच्या साबणाच्या कागदात बिनवासाची वडी गुंडाळून दिली. तिने हुंगली आणि विचारलं, "बाबा आता येणारच नाहीत का?"

साबण पाठवू नका, एवढंच लिहायला बसले होते. पण साबणाशिवाय तुमच्याकडून दुसरं येतं तरी काय? हे पत्र माझ्यापाशीच राहू दे.

फक्त तिची आई