कागदावर मुलगी असलेल्या माझ्या मुलास

मी, छापखान्यातून निवृत्त झालेली बाइंडर, वय एकाहत्तर, गुडघे सोडले तर शरीराने धड आणि डोक्याने ताळ्यावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते.

१. राहता दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बँकेतली ठेव माझ्या धाकट्या मुलाला मिळावी. सरकारदरबारी त्याची नोंद अजून 'मुलगी' अशीच आहे. दोन्ही एकच व्यक्ती, माझ्याच पोटची. त्यावरून कोणी वाद उकरून काढू नये.

वकिलांनी कागदावर आहे तसंच लिहायला सांगितलं. मुलगाही म्हणाला, "आई, लिही मुलगी. ताईला कोर्टात जायला निमित्त नको. मला सवय आहे." ती सवय मी लावली, म्हणून हा खुलासा.

नोंद बदलायला शस्त्रक्रियेचा दाखला लागतो. विमा कंपनीच्या लेखी ती शस्त्रक्रिया हौसेची, म्हणून खर्च मिळत नाही. त्याने पोटाला चिमटा काढून पैसे जमवले, तेव्हा मीच आडवी आले. छापखान्याच्या विम्यात अविवाहित मुलगी कायम राहते, मुलगा पंचविशीनंतर गळतो, आणि याला लहानपणापासून दमा. "कागदावर मुलगी राहिलास तर अंगाला भोकं पडतात का?" असं मी म्हणाले. त्याने ऐकलं.

पुढे दमा उसळला, तेव्हा विम्याच्या कार्डावर 'मुलगी' असल्याने त्याला बायकांच्या वॉर्डात ठेवलं. नर्सने जुन्या नावाने हाक मारली आणि दाढीवाला माणूस उठून बसला. शेजारच्या खाटेवरची बाई चादर ओढून रडू लागली. तिची माफी मागून, सलाइन काढायला लावून तो घरी आला. आता कितीही धाप लागली तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. मी कार्ड जपलं, मुलगा नाही.

२. दागिने थोरल्या मुलीला. "त्याला माझ्या सासरी पाठवू नकोस," असं ती म्हणाली होती. मी ते मुकाट्याने मानलं, त्यामुळे तिला एकटीला दोष देत नाही.

३. सुरी, कातर आणि पुस्तकं दाबायचा शिकंजा छापखान्यात माझ्या जागी आलेल्या मुलीला. धार तिनेच लावावी. फोरमनने माझी एक सुरी आधीच वाया घालवली आहे.

४. ठेवीतून मुलाने शस्त्रक्रिया करावी, न करावी, नुसतं फिरून यावं, त्याचं तो बघेल. माझी अट नाही. विनंती आहे: बाळा, दम्यासाठी छाती तेवढी दवाखान्यात दाखवून ये. स्वतंत्र खोली घे.

मजकूर वकिलांनी वाचून दाखवला. 'मुलगा' या शब्दाशी थांबून त्यांनी विचारलं, "ठेवायचा?" ठेवायचा.

ठिकाण: राहतं घर
दिनांक: १४ मार्च
लिहून देणार: त्याची आई (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरची शिंपीण (सही), घरचे डॉक्टर (सही)