खाली दारू, वर हात

३ नोव्हेंबर, सोमवार

आज गट निम्मा रिकामा. बाकीचे खालीच रेंगाळले. खाली डॉक्टरांचं व्यसनमुक्ती केंद्र आणि वर माझा गट — बायकोवर हात उचलणाऱ्यांचा. आमच्या झाडूवाल्या मावशी नव्या माणसाला सरळ सांगतात, 'खाली दारू, वर हात.' खाली यायची कुणाला लाज नाही. दारू म्हणजे आजार, आजाऱ्याला लोक फळं घेऊन भेटायला येतात. जिना चढायचा म्हटलं की सगळ्यांचे गुडघे दुखतात!

जे आले त्यांचंही तेच पालुपद. रंगारी म्हणाला, 'बाई, मी कुठं मारलं? दारूनं मारलं.' मी म्हटलं, दारूनं तुमच्या मुकादमाला कधी मारलं नाही, ते कसं काय? सगळे हसले. तोही हसला. हसण्यावारी न्यायला ह्यांना छान जमतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

बुधवारी रंगारी खाली डॉक्टरांपुढे बसलेला असतो, तेवढ्यात मी वरून त्याच्या बायकोला फोन करते. तो तिच्या आसपास नाही याची खात्री हवी, म्हणून ही वेळ. ती शिलाईच्या दुकानात कामाला आहे. मशीन थांबवून बोलते. त्यानं तिचं मनगट मोडलं तेव्हापासून तो भावाकडे राहतो. त्याला घरी परत पाठवायचं तर दोन सह्या लागतात, डॉक्टरांची आणि माझी.

'ताई, तेवढी दारू सोडवा. बाकी मी बघून घेते.'

अगं, ते बाकीचंच तर माझं काम आहे! पण हे फोनवर बोलले नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आईकडे जेवायला. विषय निघालाच. 'माणूस वाईट नसतो गं, दारू वाईट.' जन्मभर हेच ऐकतेय. दोन घोट पोटात गेले की म्हणे माणसाचा राक्षस होतो. मग हा राक्षस अख्खं गाव सोडून नेमका आपल्याच घरी कसा जातो?

आई म्हणाली, 'तू जेव आधी.'

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर सहीसाठी हात धुऊन मागे लागलेत. रंगाऱ्याला नळीत फुंकायला लावतात, दर वेळी साफ. मला म्हणतात, 'बाई, तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही.' मी म्हटलं, त्याची दारू सुटलीय, तो सुधारलेला नाही. आजवर एकदाही 'मी मनगट मोडलं' असं तोंडातून निघालेलं नाही. त्याच्या मते मनगट आपोआप मोडलं.

'बायको काय म्हणते?'

बायको म्हणते, पीत नाहीत ना, मग येऊ द्या.

आता तिलाच हवाय म्हटल्यावर मी कोण? सही केली. पटून नाही, वाद घालून घालून जीव कंटाळला म्हणून.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रंगारी गुळगुळीत दाढी करून हजर. छाती फुगवून सांगत होता — रोज संध्याकाळी तिला आणायला दुकानावर जातो. उशीर झाला तर का झाला ते विचारतो. तिचा फोन बघतो, नको ती माणसं काढून टाकतो. रात्री तिला समोर बसवून बोलतो, इतकी वर्षं कुठं वेळ होता म्हणे. गटानं टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, टाळ्या कसल्या वाजवताय? ती माणूस आहे का तुमच्या ताब्यातलं सामान? गटातला एक मेकॅनिक वैतागला. 'बाई, प्यायलो तरी बोलणी, नाही प्यायलो तरी बोलणी. मग करायचं काय माणसानं?'

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, 'नवरा बायकोला घ्यायला जातो, यात तक्रार कसली?' डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण आपटायचं कुणाचं ते ठरेना.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तिला फोन.

'प्याले का?'

'नाही ताई.'

'हात उचलला?'

'नाही.'

आज मशीन थांबवलं नव्हतं. त्या खडखडाटातूनच विचारलं, 'भीती वाटते का तुला?' 'गिऱ्हाईक आलंय,' म्हणाली आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं असेलही. मला तसं वाटत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घ्या! रंगाऱ्याच्या फुंकेत दारू निघाली. डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता, मुलगा नापास झाल्यासारखा. रंगारी पोराबाळांच्या शपथा घेतोय. 'बाई, मी आणली नाही. घरात समोर होती, प्यायलो.'

समोर होती म्हणे. बाटलीला पाय फुटले! मनगट आपोआप मोडतं, बाटली आपोआप चालत येते, हा बिचारा नुसता मधे उभा. सगळ्यांसमोर झापला त्याला. खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोला, म्हटलं. तो खाली मान घालून तेच बोलत राहिला.

डॉक्टर आता गोळी सुरू करणार. ती घेतल्यावर दारू प्यायली तर माणसाची पार वाट लागते, म्हणून पिण्याची हिंमत होत नाही. त्याच्यावर विश्वास नाही, तेव्हा रोज बायकोनं समोर उभं राहून गोळी द्यायची असं ठरलं. तिला समजावून सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

फोन केला, गोळीचं सांगितलं. तिनं मशीन थांबवलं.

'ताई, मी नाही द्यायची ती गोळी. बाटली मीच आणली होती. प्याले की झोपतात तरी. शुद्धीत असले की रात्र रात्र समोर बसवून ठेवतात, डोळा मिटू देत नाहीत. तुमच्या पाया पडते, त्यांची दारू सोडवू नका.'