गप्प बसून मासा पकडण्याबाबत

२ मार्च, संध्याकाळ
ठरलं. चार दिवस नदी, राफ्ट, मासेमारी, सोबत गाइड. आम्ही तिघी: मी, वन्सं आणि पोस्टातली मैत्रीण. पोस्टातली निवृत्त झाल्यापासून तिला शिक्के मारायला काही उरलं नाही, म्हणून आमच्या बोलण्यावर मारते.
माझा हेतू एकच. एक मासा. स्वतःच्या हाताने. हे दर सुट्टीला गळ घेऊन जायचे आणि मला न्यायचे नाहीत. म्हणायचे, मासा पकडायला गप्प बसावं लागतं, ते तुला या जन्मी जमायचं नाही. एकतीस वर्षं म्हणाले. मग गेले, वाद अर्धाच टाकून. त्याला आता तीन वर्षं झाली. मी पूर्ण सावरले आहे. हा फक्त तत्त्वाचा प्रश्न आहे.
संकल्प: मासा मिळेपर्यंत नदीवर मौन.

५ मार्च
लायब्ररीतून मासेमारीची तीन पुस्तकं आणली. शाळा सातवीत सुटली, पण पुस्तक समोर असलं की मला शिक्षक लागत नाही. शिवणकाम असंच शिकले, पोटही त्यावरच भरते. पोहणंही असंच शिकले. पाण्यात उतरायचं तेवढं बाकी आहे.

८ मार्च
कंपनीचा फॉर्म आला. वजन विचारलंय. यांना काय करायचंय? मी अठ्ठावन्न लिहिलं. खोटं नाही. घरातला काटा अठ्ठावन्नवर असतानाच बंद पडला, त्यानंतरचं मला काय माहीत. वन्संनी साठ लिहिलं. वाचून हसू आलं, पण दाखवलं नाही. पोस्टातलीने खरं लिहिलं असावं. सरकारी सवय.

१४ मार्च, नदीकाठ, संध्याकाळ
गाइडबाई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, अगदी कमी बोलणाऱ्या. मौनाच्या बाबतीत मला तगडी स्पर्धा.
त्यांनी फॉर्म बघून जागा दिल्या. आम्ही दोघी हलक्या म्हणून मी आणि वन्सं डावीकडे. उजवीकडे पोस्टातली आणि शिध्याची पेटी. निघालो तशी राफ्ट डावीकडे कलली. मी सगळ्यांना सांगितलं की नदीलाच डावीकडे उतार आहे, दुसऱ्या पुस्तकात दिलंय. गाइडबाईंनी आधी नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
पहिल्याच खळाळात राफ्ट गर्रकन फिरली आणि आम्ही पाठमोऱ्या खाली गेलो. गाइडबाईंनी राफ्ट काठाला लावली आणि म्हणाल्या, बायांनो, आता खरं वजन सांगा, नदी फॉर्म वाचत नाही. वन्सं म्हणाल्या, बहात्तर. पोस्टातली म्हणाली, लिहिलंय तेच, हवं तर सही करून देते. मी म्हटलं, काटा बंद पडला होता. वन्संनी विचारलं, वहिनी, पडला की पाडला?
मला मधोमध सामानाशेजारी बसवलं. मानाची जागा. राफ्ट लगेच सरळ चालायला लागली. उतार संपला असणार.
मौन उद्यापासून. आज समजावून सांगणं गरजेचं होतं.

१५ मार्च
मौन सकाळी सहा ते सहा दहा. मग पोस्टातली गळाला गांडूळ चुकीचं लावताना दिसली. डोळ्यांदेखत कसं बघवेल? तिला पुस्तकातली रीत नीट सांगितली. तिने स्वतःच्याच रीतीने लावलं आणि मासा पकडला. हातभर लांब. गाइडबाईंनी हळूच गळ सोडवून मासा पाण्यात परत सोडला, इथला नियमच तो. मी म्हटलं, योगायोग. दुपारी तिने आणखी एक योगायोग पकडला.
नाचता येईना अंगण वाकडं, असं वन्सं पुटपुटल्या. अंगण आहेच वाकडं. मी बसते तिथून माझी सावली पाण्यावर पडते आणि मासे सावलीला बिचकतात. पुस्तक पहिलं, पान चाळीस.

१६ मार्च, दुपार
वन्संनाही मिळाला. त्या तर पेंगत होत्या.
राहिले मीच. कारणं: वारा, ऊन, राफ्टवरची बडबड. गाइडबाईंनी विचारलं, बडबड कोण करतंय? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्या वेळी मौनाचे फायदे सांगत होते.
चहाला कप मांडताना सवयीने एक जास्त मांडला गेला. गाइडबाईंचा आहे, असं सांगून टाकलं. गाइडबाईंचा कप त्यांच्या हातात होता. त्यांनी तोही उचलून घेतला. बाई गुणाची आहे.

१७ मार्च, सकाळी नऊ
शेवटचा दिवस. मी सांगून टाकलं की माझं नुकसान संगतीने होतंय, मी एकटी बसणार. गाइडबाईंनी वळणावरच्या सपाट खडकावर नेऊन बसवलं, लाइफ जॅकेटसकट. बाकीच्या वीस पावलांवर, चूल पेटवून. मला एक तास दिलाय. तोंडात मिठाची गुळणी.

सव्वादहा
जमलं. पूर्ण तासभर एक शब्द नाही.
मासा आला नाही, पण मूळ मुद्दा मासा नव्हताच. मुद्दा गप्प बसण्याचा होता. पाणी अगदी संथ होतं. हे शेजारी असते तर काय काय सांगितलं असतं, ते मनात येत राहिलं. नळाचा वॉशर मी स्वतः बदलला. वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. ह्यांचे शर्ट अजून कपाटात आहेत, देणार आहे, घेणारा चांगला भेटला की. डाव्या कुशीवर झोप येत नाही. सगळं मनातल्या मनात. वाद मी जिंकले.
परत आले तर वन्संचे डोळे लाल. चुलीचा धूर. पोस्टातलीने माझ्या विजयावर शिक्का मारला नाही, नुसता चहा दिला.

१८ मार्च, घरी
सकाळी वन्सं आल्या. मी तासाभराच्या मौनाचा विषय काढला. त्यांनी थोडा वेळ टाळाटाळ केली आणि मग म्हणाल्या, वहिनी, तुम्ही तासभर मोठ्याने बोलत होता.
मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी वॉशर, गुडघा, शर्ट आणि डावी कूस ओळीने म्हणून दाखवलं.
मी म्हटलं, मग थांबवलं का नाही? मासे पळाले असतील. म्हणाल्या, पोस्टातली उठली होती, पण गाइडबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं.
मी उठून चहाचे कप विसळून ठेवले. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ह्यांच्याकडून काही उत्तर आल्यासारखं वाटलं का.
वन्सं म्हणाल्या, दादाला तुम्ही मध्ये बोलायला जागा दिलीत तर ना.