चारवर थांबलेली मोजणी

शेणवा, ता. शहापूर
२२ जानेवारी २०२५

चि. प्रज्वल यास,

बाळारामसरांचा सप्रेम जय भीम. तुझ्या आईला, सरिताताईंना, माझा नमस्कार सांग. आमच्याकडे सगळी खुशाली, तुमच्याकडचीही असावी.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं म्हणून हसशील. हस. फोन तू उचलत नाय, मेसेज वाचतोस आणि मूग गिळून बसतोस. परवा वाशिंदला तुझ्या दारात येऊन गेलो तर तुझी आई बोलली, "सर, तो कंपनीत गेलाय, सेकंड शिफ्ट आहे." तेवढ्यात आतल्या खोलीत तू खोकलास, ते आमी दोघांनी ऐकलं. बिचारी लाजली, मग चहात दुप्पट साखर घातली. मी तो पिऊन निघालो. पण पोरा, ठोसे चुकवायला मी शिकवलं, माणसं चुकवायला नाय.

आता बातमी ऐक, बसून ऐक. शहापूरच्या नाक्यावर आपल्या दोघांचा बॅनर लागलाय, चांगला दोन माणसांच्या उंचीचा. "शेणव्याचा वाघ विरुद्ध वाशिंदचा पठ्ठ्या. म्हशाच्या जत्रेतली अर्धवट लढत पुरी होणार. २६ जानेवारी." माझा फोटो पलटणीतला, राष्ट्रीय सुवर्णपदक घेतलं तेव्हाचा, पोट पाठीला चिकटलेलं. संघरत्ना बघून बोलली, "हा कोण देखणा बाप्या? मला तर लग्नात वेगळाच दाखवला होता." तुझा फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचा आहे. त्यात तू सायकलचोर दिसतोस.

हे सगळं दामूनानांचं काम. त्यांना चैन पडत नव्हती रे. उभी हयात त्यांनी मुरबाडजवळच्या म्हशा गावच्या जत्रेत कुस्तीचे पंच म्हणून घालवली. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, हा एकच कायदा त्यांच्या रक्तात. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला दहा मोजेपर्यंत उठायची मुभा असते, हे त्यांना कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं. "जत्रेत यंदा तुमचा खेळ ठेवू, वस्ताद आणि चेला, पोरांना बघू द्या," असं ते बोलले आणि मी हुरळून हो बोललो. कायदेबियदे सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाय.

पण काय दिवस होता तो! मला अजून कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाय, म्हणून तुलाच सांगतो, तू तिथं असलास तरी. घोंगड्यावाले दुकानं टाकून आले, बैलांचे व्यापारी टेम्पोच्या टपावर चढले, आणि बायका सगळ्यांच्या पुढं. आपलं ठरलं होतं दोस्तीचं, हलक्या हाताने तीन राऊंड. पहिला राऊंड तसाच गेला. दुसऱ्यात लोक तुझ्या नावाने ओरडायला लागले आणि माझं टाळकं सटकलं. शेहेचाळीस वर्षांच्या घोड्याला पोराचा हेवा वाटला, दुसरं काय. मी तुझ्या कानाखाली खराखुरा ठोसा ठेवून दिला. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मग तू पण दिलास.

पुढचं सगळ्या तालुक्याला पाठ आहे. मी उताणा. पंच रोशन मोजतोय, एक, दोन, तीन, चार. आणि चारला दामूनाना दोरीखालून आत. "चीतपट! पाठ लागली!" ढोल सुरू, तू लोकांच्या खांद्यावर, तुझ्या डोक्यावर फेटा. रोशन बोंबलतोय की मोजणी बाकी आहे, तर ढोलवाल्याला वाटलं आणखी जोरात वाजव बोलतोय.

तू खांद्यावरून उडी मारून खाली आलास, फेटा काढलास आणि माझ्या डोक्यावर बांधलास. कानात बोललास, "सर, तुमी उठणार होता. ही जीत माझी नाय." आणि बैलांच्या दावणीतून निघून गेलास.

तेव्हापासून माझी इथं मजा बघ. तालुक्यात म्हणच आहे, बाळाराम पडतो पण आठच्या आत उठतो. खोटी नाय ती. दोन फायनलला मी पडून उठलोय आणि जिंकलोय. आता डेअरीवर, एसटी स्टँडवर, सगळीकडे एकच, "वस्ताद, नानांनी घात केला तुमचा, नायतर तुमी उठणारच होता." मी आपला मिशीतल्या मिशीत हसतो. त्या दिवशी फेटा घालून टेम्पोत उभा राहून आलो, मुरबाडपासून शेणव्यापर्यंत. अंगात वारं शिरलं होतं. दुसऱ्याच दिवसापासून धावायला सुरुवात केली, दोरीवरच्या उड्या मारल्या. संघरत्ना बोलली, "कौलं पडतील." मी बोललो, "पडू दे, सव्वीसला बघ."

आणि तू आईला सांगून बसलास की सरांना खरोखर हरवल्याशिवाय पुण्याच्या शिबिराला जाणार नाय. राज्याच्या संघाचं शिबिर, गाढवा. एक फेब्रुवारीला हजर व्हायचंय. तिथं गेलं नाय तर यंदाची संधी गेली, आणि तुझ्या वयाची पोरं कल्याण-ठाण्याला ढिगाने पडलीत. मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, सव्वीसला लढू, मग जाईल. खरं सांगू, मला तुझ्या शिबिरापेक्षा माझ्या बॅनरची घाई होती.

आता जरा खेळाचं बोलू.

कुणीतरी मोबाईलवर आपली लढत घेतली होती. काल दुपारी जेवून ओटीवर बसून मी ती बघितली. तुझा तो उजवा ठोसा बघायचा होता, कारण मला तो दिसलाच नव्हता. मोबाईलमध्ये दिसला. माझा डावा हात सरळ जातो, लागतो, आणि परत येताना हनुवटीशी येत नाय, छातीशी येतो. खांदा आखडलाय, वर उचलतच नाय. गाल उघडा. मी पहिल्या राऊंडपासून बघितलं तर दर वेळी तसंच. आणि तू दर वेळी तिथं बघतोस आणि मारत नायस. दुसऱ्या राऊंडमध्ये मी तुला खरं मारल्यावर एकदाच मारलास.

मग मला आपला सराव आठवला. पावसाळ्यापासून तुझा उजवा माझ्या गालाजवळ येऊन वीतभर अलीकडे थांबायचा. मी तुझ्यावर ओरडायचो, "हात पोचत नाय तुझा, भात खात नायस का?" तू मान खाली घालून "होय सर" करायचास. घरी येऊन मी संघरत्नाला सांगायचो, "बघ, पोरगं एकवीसचं, पण मला हात लावू शकत नाय. मी परत तरणा होतोय गो." ती भाकरी थापत राहायची. म्हणजे चार-सहा महिने तू मला सांभाळून घेत होतास. लहान पोराबरोबर आपण शर्यत हरतो ना, तसा.

राग आला मला. ओटीवर बसल्या बसल्या कान लाल झाले. तू समोर असतास तर तुडवला असता. नाय, तुडवता आला नसता, तेच तर आता कळलं होतं.

संघरत्ना माझ्या मागे उभी राहून बघत होती. अंगणवाडीत रोज लबाड पोरांशी गाठ असते तिची, तिला फसवणं सोपं नाय. तिने सरळ विचारलं, "तुमी उठला असतात का?" मी मोबाईल खिशात टाकला. बोललो, "पाणी आण." ती बोलली, "पाणी आणते. पण उत्तर मला देऊ नका, त्याला द्या. तो तिकडे आईच्या पदराआड लपून बसलाय, तुमच्यापायी."

म्हणून हे पत्र. एवढी पानं मी बॅनर आणि ढोल सांगत बसलो, ते हे लिहायची छाती होत नव्हती म्हणून.

प्रज्वल, मी उठलो नसतो.

रोशनची मोजणी ऐकू येत होती, पण विहिरीच्या तळातून ऐकतो तशी. मी पायांना बोललो, उठा. पाय हललेच नाय. त्या दोन फायनलला पडलो तेव्हा पण चक्कर आली होती, पण पाय माझे होते. या वेळी नव्हते. आठ जाऊ दे, त्याने ऐंशी मोजले असते तरी मी तिथंच पडून होतो. दामूनानांनी मला उठवून बसवलं तेव्हा समोर दिसणारं गाव कुठलं तेही मला कळत नव्हतं. तू फेटा बांधलास तेव्हा बोलायला जीभ वळली नाय. आणि जीभ वळायला लागली तोवर लोक "वस्ताद उठणार होता" बोलायला लागले होते. ते मला गोड लागलं. इतकं गोड लागलं की तू घरात कोंडून बसलास तरी मी गप्प राहिलो.

आज सकाळी दामूनानांच्या खळ्यावर जाऊन सांगून आलो. पहिल्यांदा उखडले. "बाळाराम, अरे पडलेला पैलवान शंभर कारणं सांगतो. खरं कोण सांगतं? बॅनर लागलाय, लोक मला काय बोलतील?" मग माझ्या दंडाला धरून बोलले, "खरंच उठणार नव्हतास?"

"नाय, नाना."

"शपथ?"

"आयची शपथ."

म्हातारा हसायलाच लागला. "म्हणजे माझं चुकलं नाय. मी बरोबर माणसाला फेटा बांधला. आठवडा झाला, लोक मला आंधळा पंच बोलतायत." आणि दोन्ही हातांनी माझी पाठ बडवली, ती अजून दुखतेय. तेव्हा सव्वीसला लढत नाय. सत्कार आहे, तुझा. मी सगळ्यांसमोर उभा राहून आता लिहिलंय तेच बोलणार आहे. वाईट वाटेल, नाय असं नाय. वीस-बावीस वर्षं लोक मला ज्या एका गोष्टीसाठी ओळखतात, ती मी माझ्या तोंडाने मोडणार. त्यानंतर एसटी स्टँडवर मला कोण विचारेल, देव जाणे.

पण खरं सांगू, आज सकाळपासून मी नाचतोय. तो ठोसा मी पन्नास वेळा बघितला असेल. उजवा पाय अर्धा पुढं, खांदा पडलेला, आणि हात असा येतो की मोबाईलमध्ये पण नीट दिसत नाय. असला ठोसा माझ्या भर उमेदीत मला मारता आला नाय. आणि तो मी शिकवलेला पण नाय, हे विशेष. कुठून आणलास? शेणव्याच्या या पडवीत, दोन फाटक्या पोत्यांवर मारून असा हात तयार होतो, हे मला मरेपर्यंत पुरेल.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेव. ठोसा लागल्यावर तू बघत उभा राहतोस, तसा उभा राहू नको, बाजूला हो. आणि समोरचा म्हातारा असो, वस्ताद असो, बाप असो, रिंगमध्ये हात वीतभर अलीकडे थांबवायचा नाय. तसं करून तू मला आणखी सहा महिने खोट्यात ठेवलं असतंस. मला वाईट वाटेल म्हणून तू केलंस, ते कळतं मला. माया आहे तुझी. पण पुन्हा करू नको.

सव्वीसला आलास तर आनंद आहे, नाय आलास तरी रुसणार नाय. एक तारखेला मात्र पुण्याला हजर हो. तिथं कुणी विचारलं, तुझी मोठी जीत कुठली, तर मान वर करून सांग, शेणव्याच्या बाळारामला म्हशाच्या जत्रेत पाडलं. मोजणी अर्धी राहिली होती असं सांगायचं नाय. ती पुरी झाली, मी पुरी केली.

सरिताताईंना सांग, साखर जास्त झाली होती तरी चहा छान होता.

तुझ्याकडून हरलेला,
बाळाराम