झांबियाची चढती रेषा

टाकानिनी, गुरुवार, १४ मे २०१५

ईराचा शाळेचा प्रोजेक्ट: झांबियाचं दरडोई उत्पन्न, वर्षागणिक. तो ग्राफ आज मुद्दाम क्लिनिकमध्ये नेला, कारण माझ्याबरोबरची नर्स चिलेशे तिथलीच. रेषा झपकन वर चढते तिथे बोट ठेवून ती हसली. "त्याच वर्षी मी इथे आले. भागाकारातलं एक डोकं कमी झालं ना!"

मीही हसले. पण मग तिथल्या वॉर्डात तिच्या जागी कोण? विचारलंच.

"माझी बहीण. दोघींचं काम एकटी करते."

घरी सांगितलं तर ईरा म्हणते, "आई, इट्स जस्ट ॲन ॲव्हरेज." असेल. तरी ती चढती रेषा डोळ्यांसमोरून हलत नाही. दोघींचं काम एकटी करते, म्हणजे दरडोई वाढलंच की! मग मी सोडून आले त्या पुण्यातल्या माझ्या वॉर्डातही वाढलं असणार.